आधी वही, मग ब्लास्ट

खानापूरहून रोज बसने बेळगावला येतेस, दमतेस, ठाऊक आहे मला. तरी डीएनएचे दोन क्रम कसे जुळवतात ते कळायला आज रात्री चौकटीच्या वहीत एक तक्ता हाताने भरच. वर एसीजीटी, बाजूला एजीटी, हे डीएनएच्या अक्षरांचे दोन छोटे क्रम. अक्षर जुळलं तर +१, नाही जुळलं तर −१, गॅपला, म्हणजे क्रमात सोडलेल्या रिकाम्या जागेला, −२. गॅप 'सी'समोर ठेवलीस तर बेरीज १. तीच शेवटी ढकललीस तर थेट −३! दोन्ही क्रम पूर्ण जुळवणाऱ्या नीडलमन-वुन्श पद्धतीची (१९७०) सगळी गंमत या २० घरांत (सुरुवातीची जादा ओळ आणि रकाना धरून) आहे. एखादाच तुकडा सारखा असेल तिथे तेवढाच तुकडा जुळवणारी स्मिथ-वॉटरमन पद्धत घे. ब्लास्ट, म्हणजे मोठ्या साठ्यात सारखे क्रम शोधणारा प्रोग्रॅम, वेगवान खरा, पण सर्वोत्तम जुळणीची हमी देत नाही. आणि दूरचं नातं शोधताना डीएनएपेक्षा प्रथिनं जुळव. तिथे खुणा जास्त टिकतात. गॅपचे गुण न तपासता मी महिनाभर काम केलं होतं, सगळं पुन्हा करावं लागलं.