सुती ब्रीफ, बॉक्सर आणि बनियन आयात करताना सगळ्यांना एकच कोड लावता येईल का?

तुम्ही विचारले आहे, की बांगलादेशातील कारखान्याकडून न्हावा शेवामार्गे पुरुषांच्या सुती ब्रीफ, बॉक्सर आणि बनियन मागवत असताना पुरवठादाराने इनव्हॉइसवर सगळ्या मालापुढे 61071100 हा एकच कोड (शुल्क ठरवण्यासाठी मालाच्या वर्गाला दिलेला क्रमांक) लिहिला आहे, तो तसाच बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे कस्टम्सकडे भरायच्या आयात-घोषणापत्रात, भरावा का. आयातीच्या कागदपत्रांचे काम मी करतो आणि माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे.

माल सुती आहे ही गोष्ट वर्गीकरणात बरीच उशिरा येते. 1975 च्या सीमाशुल्क दर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत पहिला प्रश्न कापड कसे तयार झाले हा असतो. होजिअरीच्या, म्हणजे टाक्यांत टाका गुंतवून विणलेल्या कापडाचे कपडे प्रकरण 61 मध्ये येतात आणि मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेल्या कापडाचे प्रकरण 62 मध्ये. त्यामुळे होजिअरीच्या सुती ब्रीफला 61071100 हा कोड बरोबर आहे, पण पॉपलिनचा चौकड्यांचा बॉक्सर त्यात बसत नाही. त्याची जागा 62071100 आहे. साधे भिंग घेऊन नमुना पाहिला तरी हा फरक दिसतो, म्हणून माल निघण्याआधी प्रत्येक डिझाइनचा एक नग जरूर मागवावा.

बनियनच्या बाबतीत चूक फार सहज होते. मागावरच्या कापडाची बनियन 6207 या चार अंकी शीर्षकात (कोडच्या पहिल्या चार अंकांनी ठरणाऱ्या गटात) चड्ड्यांच्या सोबतच येते, परंतु होजिअरीची बनियन 6107 मध्ये येत नाही. ती टी-शर्टांबरोबर 6109 मध्ये जाते आणि सुती असल्यास तिचा कोड 61091000 होतो. तुमच्या बनियन बहुधा होजिअरीच्याच असणार, म्हणजे पुरवठादाराचा कोड तिथेही चुकला आहे. पुढे कधी लहान मुलांचा माल मागवलात, तर 86 सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या बाळांचे कपडे 6111 आणि 6209 या स्वतंत्र शीर्षकांत येतात, हेही ध्यानात ठेवावे.

आता तंतूंकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. अनुसूचीतील विभाग 11 (कापड व कपडे) च्या टीप 2 नुसार मिश्र कापड वजनाने ज्या तंतूचे प्रमाण सर्वांत जास्त त्याचे धरले जाते, त्यामुळे 95 टक्के कापूस आणि 5 टक्के इलास्टेन (ताणला जाणारा कृत्रिम धागा) असलेली ब्रीफ निर्विवाद सुती ठरते. मात्र 48 टक्के कापूस, 47 टक्के मोडाल (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला मानवनिर्मित तंतू) आणि 5 टक्के इलास्टेन अशा कापडात कापूस सर्वांत जास्त दिसत असूनही तो हरतो. प्रकरण 54 आणि 55 मधील मानवनिर्मित तंतू दुसऱ्या एखाद्या प्रकरणातील तंतूसमोर उभे राहतात तेव्हा ती दोन्ही प्रकरणे एकच मानावीत, असे तीच टीप सांगते. मोडाल आणि इलास्टेन मिळून 52 टक्के होतात आणि ब्रीफ मानवनिर्मित तंतूंच्या 6107 12 मध्ये जाते. लेबलवर ठळक अक्षरांत ‘कॉटन’ छापलेले असले तरी यात बदल होत नाही.

बॉक्सर अंतर्वस्त्र आहे की बाहेर घालायची शॉर्ट्स, हा वादही उद्भवतो, कारण मागावरच्या कापडाच्या सुती शॉर्ट्स 6203 42 मध्ये येतात. खिसे, बेल्टचे लूप किंवा जाड कापड असेल तर अधिकारी शंका घेणारच, आणि ती मला रास्त वाटते. अमेरिकी कस्टम्सने आपल्या निर्णयांत प्रति चौरस यार्ड 4.2 औंसांपेक्षा जड कापड, पुढे उघडणारी फट (फ्लाय) नसणे, खिसे असणे अशी लक्षणे बाहेरच्या वस्त्राची मानली आहेत. आपल्याकडे ती बंधनकारक नाहीत, पण विचार कोणत्या दिशेने करायचा ते त्यांतून उमगते.

तुमच्या बाबतीत कोड अचूक असणे आणखी एका कारणाने गरजेचे आहे. साफ्टा (दक्षिण आशियाई मुक्त व्यापार) कराराखालील शुल्कसवलत तुम्हाला घ्यायची असणार, आणि त्यासाठीच्या मूळ देशाच्या प्रमाणपत्रातील वर्णन व कोड बिल ऑफ एंट्रीशी जुळले नाहीत, तर सवलतीच्या दाव्यावरच प्रश्न उभा राहतो. 2020 च्या कॅरोटार नियमांनुसार (व्यापार करारांखालील सवलतीसाठी मूळ देश तपासण्याचे नियम) मालाच्या मूळ देशाविषयीची माहिती आयातदाराने स्वतःजवळ बाळगायची असते. शिवाय 17 मे 2025 च्या अधिसूचनेने बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरील सीमेवरून प्रवेश बंद करून न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोनच बंदरे मोकळी ठेवली.

1962 च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम 17 नुसार स्वमूल्यांकनाची, म्हणजे कोड व शुल्क स्वतः ठरवून घोषित करण्याची, जबाबदारी तुमची आहे, पुरवठादाराची नाही. म्हणून मूळ देशाचे प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच त्याच्याकडून प्रत्येक डिझाइनसाठी कापडाचा प्रकार, तंतूंची वजनी टक्केवारी आणि फोटो लेखी मागवा, आणि इनव्हॉइसमध्ये ब्रीफ, बॉक्सर व बनियन वेगवेगळ्या ओळींत, आपापल्या कोडसह लिहायला लावा. एखाद्या बॉक्सरविषयी शंका उरलीच आणि तो माल तुम्ही वर्षानुवर्षे मागवणार असाल, तर मुंबईतील सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे (वर्गीकरणावर आधीच निर्णय देणारी संस्था) कलम 28एच खाली माल येण्याआधीच अर्ज करता येतो.