मालक पेन्शनवर आल्यापासून आखाड्यावरच झोपतात : माझं उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंय की मालकांना फौजेतून, काश्मीरहून पेन्शनवर येऊन सात महिने झाले. रात्री आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर झोपतात, लेकरांवर खेकसतात, रोज दारू घेतात आणि काही विचारलं की "मला काय धाड भरलीय?" म्हणतात. सासूबाई देवऋष्याकडं चला म्हणतात. मी सतरा वर्षं पायदळात होतो. अंबाजोगाईला परतल्यावर माझंही असंच झालं होतं.

पोस्टवर पहाटे उजाडायच्या आधी आणि दिवस मावळताना 'स्टँड टू' असतं, सगळे हत्यार घेऊन मोर्चात, म्हणजे खंदकात. अंगाला ती सवय जडते. घरात दार लावलं की मला बाहेरची चाहूल लागेना, मग डोळाही लागेना. एका वरातीत सुतळी बॉम्ब फुटला तर मी पंगतीतून उठून पाण्याच्या टाकीआड पालथा पडलो, हातात पोळीचा तुकडा तसाच. पाहुणे हसले. त्यानंतर मी लग्नकार्याला जाणंच सोडलं. म्हणून सांगतो, त्यांना झोपेतून हलवून उठवू नका. पायथ्याशी, जरा लांब उभं राहून नावानं हाक मारा. आणि "किती मारले?" असं विचारणाऱ्या पाहुण्याला तुम्हीच गप्प करा.

हा भित्रेपणा नाही, करणीही नाही. पहिल्या महायुद्धात याला शेल शॉक म्हणायचे. 1980 साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणारा मनाचा आजार, या नावानं आजारांच्या यादीत घेतला. त्याच्या जोडीनं नैराश्य येतं, ते पुष्कळदा दिसतच नाही, कारण पुरुषमाणसात ते रडण्यापेक्षा चिडण्यातून बाहेर पडतं. दारूनं झोप लागल्यासारखी वाटते, पण मध्यरात्री मोडते आणि मन आणखी खचतं. मात्र रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, म्हणून तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर त्यांच्या पॉलीक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवतात. तोवर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. मी दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून फेकून दिल्या आणि वर्ष वाया घालवलं. बरं वाटल्यावरसुद्धा डॉक्टर सांगेपर्यंत गोळ्या चालू ठेवायच्या.

एक गोष्ट आजच करा. आखाड्यावरची फवारणीची औषधं उचलून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा, परवान्याची बंदूक असेल तर तीही भावकीतल्या कुणाला सांगून पोलीस ठाण्यात जमा करा. आणि त्यांना सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, असलाच तर बोलायला वाट मिळते. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लोक म्हणतात फौजी खंबीर असतो. असतो, पण जोडीनं. फौजेत प्रत्येकाला बडी असतो. तो झोपला की मी जागा, मी झोपलो की तो. पेन्शन झाली की तो त्याच्या गावी, आपण आपल्या, आणि त्या रात्रीपासून पहारा एकट्याचा. कठीण वर्षं निभावून नेणारी माणसं घरी येऊन खचतात ती इथंच.

माझ्या घरच्या मंडळींनी मला न सांगता माझ्या बडीला फोन केला. तो साताऱ्याहून एसटीनं आला, तीन दिवस आखाड्यावर राहिला. पहिल्या रात्री एवढंच म्हणाला, "झोप तू, मी जागा हाय." चौथ्या दिवशी दवाखान्यात तोच माझ्यासोबत बसला. तुमच्या मालकांच्या बडीचा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये असणारच. शोधा आणि लावा.