जुन्या पद्मिनीला अल्टरनेटर बसवायचा, पण पैसे कुठून?

अंबाजोगाईच्या एका सरांनी विचारलं आहे: वडिलांनी 1981 साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी अजून चालू आहे. मुलगी लातूरला नीटच्या तयारीला, त्यामुळे महिन्यातून तीन-चार रविवार जाऊन-येऊन. परत येताना अंधार पडतो, हेडलाइट पिवळे पडतात आणि दीड वर्षात बॅटरी बसते. मिस्त्रींनी बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो काढून त्याच कामाचा, पण नव्या पद्धतीचा मोठा अल्टरनेटर, सोबत एसी, हॅलोजन, म्युझिक सिस्टीम आणि नवं वायरिंग असं 42,000 रुपयांचं काम सांगितलं आहे. "गाडीची किंमतही वाढेल" असं ते म्हणाले. एक लाखाची एफडी आहे, ती मोडू का?

सर, एफडी मोडू नका. अल्टरनेटर मात्र बसवा, आणि ऊस सुरू व्हायच्या आत बसवा.

आधी पैशाचं बघू. तुम्हीच लिहिलं आहे की जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात क्लासचा दुसरा हप्ता 70,000 भरायचा आहे आणि एफडी त्यासाठीच ठेवली आहे. लाखातून 42,000 गेले की उरतात 58,000. म्हणजे जानेवारीत 12,000 कमी पडणार. मग "बायकोच्या पाटल्या गहाण ठेवीन" हे तुमचं पुढचं वाक्य. मुदतीआधी मोडल्यावर बँका सहसा अर्धा-एक टक्का व्याज कापतात, ते नुकसान मी मोठं धरत नाही. पण मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेला पैसा म्युझिक सिस्टीममध्ये जायचा आणि फीसाठी सोनं गहाण पडायचं, हे मला पटत नाही.

शिवाय गाडीचा एक खर्च दारात उभा आहे, त्याचा पत्रात उल्लेख नाही. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. 1981 पासून मोजलं तर तुमचं पासिंग 2026 मध्ये येतं. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची केंद्राची फी 10,000 रुपये झाली आहे. हरित कर वेगळा.

आता किंमत वाढण्याचं. जुनी गाडी शौकाने घेणारा माणूस बॉनेट उघडून पहिल्यांदा बघतो की मूळचं काय शिल्लक आहे. केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी गाडी 50 वर्षांवरची लागते आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. तुम्हाला ती नोंदणी नकोच असेल, कारण मग गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. पण एसीसाठी भोकं पाडलेल्या गाडीला जास्त पैसे मिळतील, असं धरून चालू नका. आणि 1089 सीसीच्या त्या इंजिनावर मे महिन्याच्या उन्हात कॉम्प्रेसरचं ओझं टाकणं मला तरी बरं वाटत नाही.

मग अल्टरनेटर तरी का? बॅटरीच्या बचतीसाठी म्हणाल तर हिशोब जेमतेम आहे. 4,800 ची बॅटरी दीड वर्षात जाते, म्हणजे वर्षाला 3,200. नीट चार्जिंग मिळून ती तीन वर्षं टिकली तर वर्षाला 1,600 वाचतील. तुमच्याच मिस्त्रींच्या यादीतलं फक्त आवश्यक काम धरलं, म्हणजे रिबिल्ट अल्टरनेटर 5,500, ब्रॅकेट, जाड वायर आणि मजुरी 2,500, हेडलाइटचे रिले (दिव्यांना बॅटरीतून थेट करंट देणारे स्विच) 1,000, तर होतात 9,000. ते वसूल व्हायला साडेपाच वर्षं लागतील. एवढ्यासाठी मी "करा" म्हटलं नसतं.

मी "करा" म्हणतो ते रस्त्यासाठी. गेल्या डिसेंबरात रेणापूरच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर माझ्यापुढे होता. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टरवर चिखल, वाढं खाली लोंबत होतं. माझ्या गाडीचे दिवे चांगले होते, तरी ट्रॉली दिसली तेव्हा अंतर फार राहिलं नव्हतं. तुमच्या डायनामोची अडचण नेमकी तिथे आहे. इंजिन मंद फिरलं की तो जवळजवळ काहीच करंट देत नाही. ट्रॉलीमागे दुसऱ्या गियरवर रखडताना सगळा भार बॅटरीवर येतो आणि दिवे आणखी पिवळे पडतात. 55 वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे सुमारे 9 अँपिअर, त्यात इग्निशन कॉइल, टेललाइट, पावसात वायपर. अल्टरनेटर आयडलिंगलाही चार्ज करतो.

तरी खर्चाआधी एक करा. तीन-चारशेचा मल्टिमीटर घ्या, इंजिन जरा रेसवर ठेवून दिवे लावा आणि बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा. 14 च्या आसपास येऊन आयडलिंगला घसरत असतील तर तो डायनामोचा स्वभाव आहे, आतले घासणारे कार्बन बदलून जाणार नाही. रेसवरही 13 च्या खाली असतील तर आधी फॅनबेल्ट आणि गंजलेली अर्थिंगची पट्टी बघून घ्या. बरेचदा दोनशे रुपयांत निम्मं दुखणं जातं.

महिन्याला सहा हजार उरतात म्हणता, तेव्हा दोन पगारांत हे काम बसतं. पहिल्या पगारात रिले आणि वायर, दुसऱ्यात अल्टरनेटर. उरलेले तीन हजार पासिंगसाठी बाजूला टाका. मिस्त्रींना तीन गोष्टी बजावून सांगा: डायनामोचं चार्जिंग सांभाळणाऱ्या जुन्या कटआउटचं कनेक्शन काढायचं, बॅटरीची प्लस-मायनस उलटी लागली तर अल्टरनेटरमधले डायोड जळतात म्हणून जोडताना स्वतः बघायचं, आणि चासीला नवं भोक पाडायचं नाही. रिबिल्ट आहे, तेव्हा सहा महिन्यांची हमी बिलावर लिहून घ्या. काढलेला डायनामो भंगारात देऊ नका. ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा.

आणि काम होईपर्यंत रविवारी लातूरहून चारच्या आत निघा. लेकीला सांगा, बाबा जेवायला थांबणार नाहीत.