बोलेरो कॅम्परच्या हौद्याला घरच्या घरी कडक झाकण बनवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरला राहता, पंप-मोटारी दुरुस्तीचं काम आहे, बोलेरो कॅम्परच्या हौद्यात सामान आणि अधूनमधून घरचा किराणा असतो. ताडपत्रीखाली दर पावसाळ्यात सगळं भिजतं, वर चोरीची धास्ती. तयार झाकणं दिसतात ती हायलक्स आणि व्ही-क्रॉससारख्या गाड्यांची, तुमच्या मापाचं मिळत नाही. मग घरी बनवावं का, आणि पत्र्याचं, प्लायचं की फायबरचं?

बनवा. कुडाळजवळ माझं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. माझ्याकडे दुरुस्तीला येणारी झाकणं सहसा मोडलेली नसतात. कुठून तरी गळतात, नाहीतर बिजागरीपाशी गंजलेली असतात. म्हणून पत्रा की प्लाय हा वाद थोडा बाजूला ठेवा आणि आधी पाणी कुठून येणार आणि कुठून जाणार ते ठरवा. आपल्याकडचा पाऊस सरळ पडत नाही, झड आडवी येते. त्यात गाडी ताशी साठच्या वेगाने चालली की पाणी खालून वरही चढतं. नुसतं रबर लावून ते अडवू म्हणाल तर एक-दोन पावसाळे निभतील. रबर दबलं की पुन्हा ताडपत्री.

तेव्हा झाकण सपाट करू नका. कॅम्परचा हौदा ढोबळमानाने पाच फूट बाय पाच फुटांच्या आसपास भरतो. तुमचा तुम्ही मोजा, आणि दोन्ही कर्णही मोजा, कारण वापरलेल्या गाडीचा हौदा काटकोनात असेलच असं नाही. प्लायचं शीट येतं आठ बाय चारचं. म्हणजे पाच फुटी रुंदीत एक जोड येणारच. चार फुटांचा एक आणि फूटभराचा दुसरा असे तुकडे लावले तर जोड नेमका ढाळावर येतो. मी दोन शीट घेऊन अडीच-अडीच फुटांचे दोन भाग काढतो आणि जोड बरोबर मधे, केबिनकडून फाळक्याकडे जाईल असा घेतो. खालची चौकट सपाट, पण मधल्या पट्टीला दीड इंच उंची जास्त. त्यामुळे जोड माथ्यावर जातो आणि पाणी दोन्ही बाजूंना उतरतं. उरलेल्या तुकड्यांतून फास्या निघतात, वाया काही जात नाही.

झाकणाची कड हौद्याच्या कठड्यावर नुसती टेकवू नका. ती बाहेरून इंच-दीड इंच खाली उतरू द्या. कौलारू घराच्या पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून वासे बाहेर काढतात, तसंच हे. दोर बांधायचे हुक कडेच्या आड येत नाहीत ना, एवढं बघा. मग रबराचं काम फक्त झडीतला तुषार आणि धूळ अडवण्याचं उरतं.

खरी गळकी जागा म्हणजे केबिनकडची बाजू, जिथे बिजागरी येते. बिजागरीच्या फटीतून पाणी येणारच, ते धरूनच चाला. ट्रकची जुनी ट्यूब कापून चार इंची पट्टा काढा. त्याची एक कड झाकणाला आणि दुसरी हौद्याच्या पुढच्या भिंतीला पट्टीखाली दाबून बसवा, झाकण उघडताना ताण येणार नाही इतका ढिला. त्याच्याही खाली, हौद्याच्या आतल्या बाजूने, इंचभराचं अॅल्युमिनियमचं सी चॅनल किंचित उतार देऊन लावा आणि त्याच्या खालच्या टोकाला पाइपचा तुकडा जोडून हौद्याच्या तळाच्या भोकातून बाहेर काढा. ट्यूब फाटली तरी पाणी चॅनलमधून निघून जातं. तळाची भोकं मात्र तांबड्या मातीने बुजलेली असतात, ती आधी मोकळी करा.

आता माल कशाचा. माझं मत स्पष्ट आहे: समुद्राजवळ राहत असाल तर लोखंडी पत्रा नको. 1.2 मिमीचा पत्रा या मापात एकटाच बावीस किलोंच्या आसपास जातो, चौकट वेगळी. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप घेऊन वेल्डिंग केलं तर वेल्डपाशी जस्त जळून जातं आणि गंज तिथूनच सुरू होतो. अॅल्युमिनियमचा 2 मिमीचा पत्रा बारा-तेरा किलोत होतो आणि चांगला टिकतो, पण त्याला लोखंडी बोल्ट किंवा लोखंडी चौकट लावू नका. खाऱ्या ओलाव्यात दोन धातू एकमेकांना टेकले की अॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झडत जातं. मधे रबराचा वायसर द्या आणि रिव्हेट अॅल्युमिनियमचेच मारा. दुकानाच्या पाट्यांना वापरतात ते एसीपी शीट स्वस्त आणि हलकं असतं, पण त्यावर कोणी हात टेकून चढला की पोचा पडतो. मी ते सुचवत नाही.

माझी पसंती मरीन प्लायवर फायबर. 9 मिमीचा प्लाय, आयएस 710 चा शिक्का बघून घेतलेला, खाली सागाच्या पट्ट्या, वरून फायबरची मॅट (काचेच्या तंतूंची चटई) आणि रेझिन (पातळ चिकट राळ). सगळं मिळून वजन तीस किलोंच्या आसपास बसतं आणि बिजागऱ्या सोडल्या तर गंजायला त्यात काही नसतं. दुसरं कारण म्हणजे हे काम येणारी माणसं आपल्याकडे आहेत. हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण, जिथे होड्या लागतात तिथे फायबर मारणारा मिळतो. स्वतः करायचा धीर नसेल तर सुतारकाम घरी करा आणि झाकण त्याच्याकडे न्या. त्याला ते एका दिवसाचं काम.

स्वतःच करणार असाल तर एवढं सांभाळा. प्लायच्या कडा आणि कोपरे रंध्याने, मग पॉलिश पेपरने गोल करा. धारदार कोपऱ्यावर मॅट बसत नाही, उचलते, आणि खाली हवा राहते. पहिला हात नुसत्या रेझिनचा द्या, लाकडाला पिऊ द्या. मग चौरस मीटरला 450 ग्रॅमच्या मॅटचे वरून दोन थर, खालून एक. ब्रशने रंगासारखं ओढू नका, टोचत टोचत भिजवा आणि पांढरे ठिपके जाईपर्यंत रोलर फिरवा. मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन लागतं. त्याहून जास्त ओतलंत तर झाकण मजबूत होत नाही, फक्त ठिसूळ आणि जड होतं.

हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, रेझिनच्या किलोमागे 10 ते 20 मिली. वैशाखाच्या उकाड्यात 10 वरच थांबा आणि एका वेळी अर्धा किलोच कालवा, नाहीतर डब्यातच घट्ट होऊन तापायला लागतं. आणि हे नीट वाचा: कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. दुकानातून कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागा, म्हणजे तो प्रश्नच येत नाही. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय बाटली उघडू नका, काम उघड्या पडवीत करा आणि विडी-काडी लांब.

हे सगळं मिरगाआधी उरका. हवेत दमटपणा वाढला की रेझिन नीट पकडत नाही, आणि ओला प्लाय फायबरखाली कोंडला तर तो आतून कुजतो. आता वेळ गेली असेल तर हा पावसाळा ताडपत्रीवर काढा आणि दसऱ्यानंतर हात घाला.

एक बारीक गोष्ट, पण झाकणाचं आयुष्य तिच्यावर ठरतं. बिजागरी, कडी, झाकण उचलणारे गॅसचे पंप, जे काही बोल्टने बसवायचं आहे त्याचं भोक थेट बोल्टच्या मापाचं पाडू नका. 6 मिमीचा बोल्ट असेल तर आधी 10 किंवा 12 मिमीचं भोक पाडा, खालून चिकटपट्टी लावा आणि त्यात रेझिन आणि टाल्कम पावडरची लापशी भरा. दुसऱ्या दिवशी त्याच्या मधोमध 6 मिमीचं भोक. आता बोल्ट प्लायला शिवतच नाही, त्याच्याभोवती रेझिनचं कडं आहे. पाणी बोल्टवरून आत झिरपलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. बोल्ट एसएस (स्टेनलेस स्टील) 316 चे घ्या. 304 ला किनाऱ्यावर वर्षभरात चहाच्या रंगाचे डाग येतात. बंदराजवळच्या होडीच्या सामानाच्या दुकानात 316 मागा.

उचलायला गॅसचे पंप लागतील, मोटारीच्या डिकीला असतात तसे. त्यांच्यावर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो. तीस किलोचं, पाच फुटी, केबिनकडे बिजागरी असलेलं झाकण असेल तर 400 न्यूटनचे दोन साधारण पुरतात, पण पंप बिजागरीपासून किती लांब बसतो त्यावर हे बदलतं. आधी दोन पट्ट्या क्लॅम्पने अडकवून जागा बघा, मग भोक पाडा. झाकण बंद असताना पंपाचा दांडा खाली आणि जाड नळी वर राहिली पाहिजे, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. तरीही एक टेकू गाडीत ठेवाच. खाऱ्या वाऱ्याने दांड्याला गंजाचे टिपके पडले की सील कापलं जातं आणि पंप न सांगता बसतो, तेव्हा तुमचं डोकं हौद्यात असतं.

वाऱ्याचाही हिशोब धरा. ताशी 80 किमीला हवेचा दाब चौरस मीटरला तीस किलोच्या घरात जातो. तो सगळा झाकणाला वर उचलत नाही, पण समोरून ट्रेलर सणसणत गेला की एकाच मधल्या कडीवर भिस्त ठेवलेलं झाकण थडथडतं. मागच्या दोन्ही कोपऱ्यांना एकेक ओढून घट्ट बसणारी कडी द्या, कुलूप त्यातल्या एकाला लावा. झाकणाची मागची कड फाळक्यावर उतरू द्या, म्हणजे झाकण उघडल्याशिवाय फाळका उघडणार नाही.

फाळक्यावरून आठवलं. ऑक्टोबर ते मे तुमचा त्रास पाण्याचा नाही, धुळीचा असेल. चालत्या गाडीच्या मागे हवा विरळ होते, त्यामुळे चाकांनी उडवलेली जांभ्याची धूळ उलटी फिरून फाळक्याच्या फटीतून आत ओढली जाते. वर झाकण कितीही छान असलं तरी फाळक्याच्या खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या फटींना रबर लावलं नाहीत तर मोटारीच्या बेअरिंगांवर लाल थर बसेल. बीडिंग, म्हणजे ही कडेची रबरपट्टी, साध्या रबराचं घ्या. आत लोखंडी तार असलेलं क्लिपचं बीडिंग लावायला सोपं, पण तार गंजून फुगते आणि रबर फाडते.

रबर सगळीकडे टेकतं का ते खडूने कळतं. हौद्याच्या काठावर खडू घासा, झाकण बंद करून कड्या ओढा, उघडा. बीडिंगवर जिथे पांढरं उमटलं नाही तिथे फट आहे. तिथे खालून पातळ पट्टी देऊन उंची वाढवा. मग हौद्यात वर्तमानपत्रं पसरा आणि अर्धा तास नळीने पाणी मारा, वरून कमी आणि केबिनच्या बाजूने आडवं जास्त. ओला कागद सांगेल कुठे परत बसायचं.

कायद्याचं एकच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करता येत नाही. म्हणून झाकण वेल्ड करू नका, हौद्याला नवी भोकं कमीत कमी पाडा, कठड्याला क्लॅम्पने धरेल आणि दोन माणसांना काढता येईल असं ठेवा, आणि पासिंगला जाण्याआधी आरटीओत फोटो दाखवून विचारून घ्या. मागचे दिवे, नंबर आणि लाल रिफ्लेक्टर पट्टी झाकली जाता कामा नये.

दुरुस्तीचा पंप तपासायला पेट्रोलचा कॅन सोबत नेत असाल तर तो या बंद हौद्यात ठेवू नका. वाफ कोंडते आणि शेजारी तुमची बॅटरी असते. रंग शेवटी पांढरा पीयू (पॉलियुरेथेनचा) मारा. फायबर उघडं राहिलं तर उन्हाने पिठासारखं सुटायला लागतं, आणि काळ्या रंगाखाली मे महिन्यात हौद्यात हात घालवत नाही.