रोज कामावर न्यायला ४०० हॉर्सपॉवरची गाडी घ्यावी का?

आपण विचारले आहे की, आजवर साधी हॅचबॅक चालवली, आता सुमारे ४०० हॉर्सपॉवरची टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारी) सेडान घेण्याचे मनात आहे, तीच एक गाडी रोज कामावरही न्यायची आहे, तर ती झेपेल का. तशी गाडी मी साडेतीन वर्षे वापरली आणि नंतर ती विकून १३० हॉर्सपॉवरची, हाताने गिअर बदलायची हलकी हॅचबॅक घेतली. त्यामुळे माझे मत निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगून ठेवतो. इंजिनात ताकद किती आहे हे कागदावर दिसतेच, पण त्यातली किती रोज आपल्या वाट्याला येते याचा हिशेब मी गाडी घेताना केला नव्हता.

माझी जुनी गाडी थांबलेल्या अवस्थेतून ताशी १०० किलोमीटरचा वेग ४.५ सेकंदांत गाठत असे. म्हणजे समोरचा रस्ता पूर्ण मोकळा मिळाला, तरी पाच सेकंद पुरे होण्याच्या आत पाय उचलावा लागे. दुसऱ्या गिअरमध्येच वेगाचा काटा शंभरीच्या जवळ जाई, वरचे गिअर केवळ पेट्रोल वाचवण्यासाठी दिल्यासारखे वाटत, आणि इंजिनाचा आवाज जिथे खरा खुलतो तो ५,००० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) पुढचा पट्टा दिवसाकाठी एखादा सेकंद कानांवर पडला तर पडला. आताच्या गाडीला त्याच वेगासाठी नऊ सेकंदांहून थोडे अधिक लागतात. तेवढ्या वेळात मी दोनदा गिअर बदलतो, आरपीएमचा काटा दोनदा लाल पट्ट्याला टेकवतो, आणि तरीही दंडाची पावती फाडली जाण्यासारखे काही घडत नाही.

गाड्या घडवणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. फोक्सवॅगनची पहिली गोल्फ जीटीआय १९७६ मध्ये विक्रीस आली तेव्हा तिच्यात १.६ लिटरचे, ११० हॉर्सपॉवरचे इंजिन होते. आज हा आकडा कोणत्याही कौटुंबिक गाडीला शोभेल, पण त्या गाडीचे वजनच ८०० किलोंच्या आसपास होते. १९८९ मध्ये आलेली माझदाची एमएक्स-५ हीसुद्धा हजार किलोंच्या आतली. टोयोटाने तर २०१२ मध्ये जीटी८६ ही २०० हॉर्सपॉवरची स्पोर्ट्स कार आणताना तिला प्रियस या हायब्रिड गाडीला मिळणारे २१५ मिलिमीटर रुंदीचे टायर मुद्दाम दिले, जेणेकरून टायरची पकड कुठे संपते हे चालकाला माफक वेगातच उमजावे. अनेकांनी त्याला काटकसर म्हटले. मला तो त्या गाडीतला सर्वांत हुशार निर्णय वाटतो.

टायरचा विषय निघालाच आहे, तर माझ्या जुन्या गाडीने मला सर्वाधिक छळले ते त्याच बाबतीत. तिला २४५/३५ आर१९ मापाचे टायर होते. यातला २४५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, आणि ३५ हा आकडा साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये जेमतेम ८६ मिलिमीटर रबर. साध्या गाडीच्या १९५/६५ आर१५ टायरमध्ये हेच अंतर सुमारे १२७ मिलिमीटर भरते. एका रात्री पावसाच्या पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही आणि दण्णकन आवाज झाला. गाडी सरळ चालत राहिली म्हणून मी दुर्लक्ष केले. दोन दिवसांनी गाडी धुताना टायरच्या बाहेरच्या अंगावर हात फिरवला, तेव्हा अर्ध्या लिंबाएवढा फुगा बोटांना लागला. आतले धागे तुटले की हवा रबराला असे बाहेर ढकलते, आणि तो टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो. साडेतीन वर्षांत असे तीन टायर गेले. एकदा रिमही वाकली.

गर्दीतले चालवणे हा दुसरा त्रास. अशा गाडीतला ड्युअल क्लच गिअरबॉक्स (दोन क्लच वापरून आपोआप गिअर बदलणारा) मोकळ्या रस्त्यावर क्षणात गिअर बदलतो, पण मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या रांगेत त्याला सतत हाफ क्लचवर राहावे लागते, त्यामुळे तो तापतो आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घुटमळत हलके झटके देतो. शेजारी बसलेल्या माणसाला वाटते की, चालवणाऱ्याला गाडी चालवता येत नाही.

एका गोष्टीत मात्र मी आजही हळहळतो, ती म्हणजे दुपदरी रस्त्यावरचे ओव्हरटेक. ताशी ८० वरून १२० पर्यंत जायला जुन्या गाडीला तीन सेकंद लागत आणि आताच्या गाडीला आठ. हा पाच सेकंदांचा फरक क्षुल्लक वाटेल, पण समोरून ताशी ८० ने येणारे वाहन तेवढ्यात ११० मीटर जवळ येते. ही ताकद खऱ्या अर्थाने उपयोगी पडते, आणि आपला बराचसा प्रवास अशा रस्त्यांवर असेल तर माझ्या वरच्या तक्रारींचे वजन निम्मे धरावे. फक्त त्यासाठी ४०० हॉर्सपॉवर लागत नाहीत. १,८०० ते २,००० आरपीएमपासूनच भरपूर टॉर्क (चाके फिरवणारा जोर) देणारे २०० हॉर्सपॉवरचे टर्बो इंजिन हलक्या गाडीत असले की पिकअपची उणीव भासत नाही. मी पुन्हा गाडी बदलली तर याच गटात शोधेन.

इलेक्ट्रिक गाड्यांनी झटक्यांचा आणि टर्बो लॅगचा (पेडल दाबल्यावर टर्बोची ताकद मिळायला लागणाऱ्या उशिराचा) प्रश्न जवळजवळ मिटवला आहे, परंतु बॅटरीचे वजन त्यांना वळणावर सुस्त करते, असा माझा अनुभव आहे.

तरीही ती सेडान पाहायला जाणार असाल, तर विक्रेता मोकळ्या रस्त्याकडे नेऊ लागेल तेव्हा त्याला आधी गर्दीच्या वेळी, गर्दीच्या रस्त्याने चला, असे सांगा. अर्धा तास रांगेत सरका, चढावर रिव्हर्स घेऊन पार्क करा, उंच स्पीडब्रेकरवरून जाताना पुढचा बंपर घासतो का ते खिडकी उघडून ऐका, आणि ब्रेक पेडलच्या पहिल्या सेंटिमीटरभर हालचालीत गाडी हळुवार थांबते की डोके पुढे जाते, हे पाहा. निघताना चार टायरच्या संचाची किंमत विचारा आणि वर्षाला एखादा जादा टायर त्यात धरा.