वाफेवर निघणारे तेल आणि चिरंजीवांचे एम.टेक.

आदरणीय महोदय,
स. न. वि. वि.

पुण्यात पेट्रोलियम इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या आपल्या चिरंजीवांना जमिनीत वाफ सोडून जड, म्हणजे घट्ट, तेल पातळ करून काढण्याच्या तंत्रातच एम.टेक. करायचे आहे; आणि साखर कारखान्यात बॉयलर सांभाळणाऱ्या आपणास ‘तेल काढायला इंधन जाळायचे, तर हाती उरते काय?’ असा प्रश्न पडला आहे. या धंद्याचे सारे अर्थकारण याच प्रश्नाभोवती फिरते.

एका बॅरल तेलामागे किती बॅरल पाण्याची वाफ करावी लागते, हे येथे प्रथम पाहतात. ते प्रमाण तीन धरले, तर सुमारे १२ लाख बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) देणारा गॅस जळतो, म्हणजे निघणाऱ्या तेलातील ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा. गॅसचा दर दहा लाख बीटीयूला ३ डॉलर असेल, तर बॅरलमागे इंधनखर्च साडेतीन डॉलरांच्या आसपास राहतो. दर १२ डॉलर झाला, की तोच १४ डॉलरांच्या वर जातो. त्यातच जड तेलाला भाव कमी मिळतो, आणि बॉयलरच्या पाण्याच्या शुद्धीकरणाचा खर्च मी आपणास सांगायला नको. कॅलिफोर्नियातील कर्न रिव्हर क्षेत्रात १९६० च्या दशकापासून वाफ सोडली जाते. तेथे पुढे सहवीजनिर्मितीची जोड मिळाली, म्हणजे वाफ विहिरीत आणि वीज ग्रीडला, जसे आपल्याकडे बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, चालते.

तेलाचा भाव कोसळला, की मात्र पेच पडतो. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकी तेलाचा वायदा शून्याखाली गेला होता. अशा वेळी वाफ थांबवावी तर तापवलेला थर निवतो, आणि चालू ठेवावी तर रोजचा तोटा.

भारतात या तंत्राला वाव थोडा आहे: राजस्थानातील बाघेवाला क्षेत्रात ऑइल इंडिया ते वापरते, तर मेहसाण्याजवळच्या बलोल व सांथल येथे ओएनजीसीने जमिनीत हवा सोडून तेलाचाच काही भाग पेटवण्याचा मार्ग धरला. मोठी कामे कॅनडातील अल्बर्टा, ओमान, इंडोनेशिया येथे. म्हणून केवळ वाफेवर एम.टेक. करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘गेट’ या प्रवेशपरीक्षेतून रिझर्व्हॉयर इंजिनिअरिंग, म्हणजे भूगर्भातील तेलसाठ्यांचे अभियांत्रिकी शास्त्र, घ्यावे, सोबत औष्णिक ऊर्जा आणि प्रकल्पखर्चाचे विषय निवडावेत. ते ज्ञान तेलाबाहेरही उपयोगी पडते. प्रबंधासाठी वाफेचा विषय जरूर घ्यावा.

येत्या गळीत हंगामात आपल्या देखरेखीखाली त्यांना महिनाभर बॉयलर हाऊसमध्ये बसू द्यावे, आणि एक टन वाफेचा खर्च स्वतः काढायला सांगावा.

आपला,
करिअर मार्गदर्शक