पुरोगामी विचारांच्या कुटुंबाने सोलापुरात कोणत्या भागात घर घ्यावं?

तुमची पुण्याहून बदली झालीय, ऑफिस केगावच्या बाजूला आहे, लग्न आंतरधर्मीय आहे, मुलगी सहा वर्षांची, आणि 'आपल्या विचारांची माणसं राहतात' असा भाग हवाय, असं तुम्ही लिहिलंय. माझं माहेर पंढरपूरकडचं, नवरा सोलापूरच्या पूर्व भागातला तेलुगू पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातला. तेव्हा 'आडनाव काय म्हणालात?' हा प्रश्न मी इथं बऱ्याच दारांत ऐकलाय.

आधीच सांगते, भाग शोधू नका. गल्ली शोधा, आणि गल्लीच्याही आधी घरमालक.

पुण्यातून बघणाऱ्याला वाटतं, पूर्व भाग म्हणजे कामगारांचा, म्हणजे आपला. अशोक चौक, दाजी पेठ, भद्रावती पेठ, दत्त नगर. यंत्रमागांचा खडखडाट, ओसरीवर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका, लाल बावटा. माकपचे कॉम्रेड नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, सोलापुरातून 1978, 1995 आणि 2004 असे तीनदा आमदार झाले, ते या कामगारांच्याच जोरावर. पण याच पट्ट्यातल्या, 2009 ला नव्यानं झालेल्या शहर मध्य मतदारसंघानं पुढं तीन वेळा काँग्रेसच्या प्रणिती शिंदेंना निवडून दिलं आणि 2024 ला भाजपच्या देवेंद्र कोठेंना. गल्ल्या त्याच, माणसंही बहुतेक तीच. आणि माझ्या सासूबाई विडी कामगारांच्या मोर्चात घसा बसेपर्यंत घोषणा द्यायच्या, आमच्या लग्नाला मात्र आल्या नाहीत. दीड वर्षानं आल्या, तेही नातू झाल्यावर.

राजकीय विचारातून उभी राहिलेली वस्ती म्हणाल तर ती कुंभारीला आहे. विडी कामगारांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीची 10 हजार घरं, आणि त्यानंतर रे नगरची 30 हजार घरांची योजना. दोन्हीच्या मागं आडम मास्तर. त्यातल्या पहिल्या 15 हजार घरांचं लोकार्पण 19 जानेवारी 2024 ला कुणी केलं? पंतप्रधान मोदींनी. व्यासपीठावर मास्तरही होते. बाहेरचे लोक यावर हसतात, इथल्या बायकांना चावी मिळाली याच्याशी मतलब. ही घरं असंघटित कामगारांसाठी आहेत, तुमच्यासाठी नाहीत. पण सोलापूरचं राजकारण घराच्या दारात आल्यावर कसं वळतं, ते यावरून कळावं.

मतांचा हिशोब बघायचाच असेल तर निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर फॉर्म 20 मिळतो, त्यात मतदान केंद्रानुसार मतं असतात. माझ्या नवऱ्यानं तो काढून दोन रात्री घालवल्या. एका केंद्रात हजारभर मतदार, पाच-सहा गल्ल्या एकत्र. त्यातून कोणत्या पक्षाला किती ते कळतं, तुमच्या मुलीला वाढदिवसाला कोण बोलावेल ते कळत नाही.

आता घर शोधण्याची गोष्ट. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा नवरा मुस्लिम आहे. तिच्यासोबत मी नऊ घरं पाहिली. जुळे सोलापुरात एक बंगला, वरचा मजला रिकामा, हॉलमध्ये फुले-शाहू-आंबेडकरांच्या तसबिरी, निवृत्त मालक. चहा झाला, खूप छान बोलले. मग नवऱ्याचं नाव विचारलं, आणि कप खाली ठेवत म्हणाले, "माझं काही नाही ओ, पण शेजारचे ऐकणार नाहीत." बाहेर पडल्यावर मैत्रीण म्हणाली, हे वाक्य आज तिसऱ्यांदा.

शेवटी घर मिळालं ते रेल्वे लाईन्सच्या बाजूला, गच्चीवर भगवा लावलेल्या माणसाकडं. त्यांनी नाव ऐकलं, थोडं थांबले, आणि विचारलं, "नळाला डायरेक्ट मोटार लावणार नाही ना?" बस. इतर बाबतीत एकच अट, डिपॉझिट रोख नको.

सोलापूरबाहेरच्यांना हे कळत नाही म्हणून सांगते. इथं पाणी रोज येत नाही. काही दिवसांआड येतं, कधी रात्री अडीचला. पाणी सोडणारा चावीवाला येऊन गेला की नळातून आधी नुसती हवा सुटते, फुस्स करत, आणि मग लालसर पाणी. ज्याला जाग येते त्यानं इतरांना उठवायचं. एकानं मोटार लावून ओढलं की पुढच्या घराची धार बारीक. मैत्रिणीकडं दार वाजायचं ते मालकीणबाईंचं, "वहिनी, पाणी आलंय, उठा की ओ!" 2019 च्या निवडणुकीत मालकांचं आणि तिचं व्हॉट्सॲपवरच्या एका मेसेजवरून चांगलंच वाजलं. तीन आठवडे ते बोलले नाहीत. दार मात्र वाजत राहिलं.

गोड शेवट समजू नका. तिच्या पोरीला गल्लीतली मुलं एकदा वडिलांच्या नावावरून वाट्टेल ते बोलली. मालक गच्चीवर उभे होते, त्यांनी ऐकलं, आणि दोरीवरचे वाळलेले कपडे काढून आत गेले. मालकीणबाई चपला न घालता खाली धावल्या आणि त्या मुलांना त्यांच्या घरी, आयांसमोर घेऊन गेल्या. मैत्रीण चार वर्षं तिथं राहिली. मला विचाराल तर मी मालकांना अजून माफ केलेलं नाही, तिनं केलंय.

विकत घ्यायचं असेल तर घाई करू नका, आधी अकरा महिन्यांचा करार करून राहा. सोसायटीत फ्लॅट घेतलात तर सभासदत्वाचा अर्ज दिल्याची पोच जपून ठेवा. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे सोसायटीनं तीन महिन्यांत निर्णय कळवायचा असतो, नाहीतर तुम्ही सभासद झालात असंच मानलं जातं. नाकारलं तर उपनिबंधकाकडं दाद मागता येते. पण उपविधी आधी वाचा. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीची 'सभासद फक्त पारशी' ही अट सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्ये मान्य केली होती. भाड्याच्या बंगल्यात मात्र कायद्याचा फारसा उपयोग नाही, तिथं मालकच.

केगावला रोज जायचं म्हणजे बाळे किंवा पुणे नाक्याची बाजू सोयीची. जुळे सोलापूर आणि विजापूर रोड लांब पडेल, पण तिथं तालुक्यांतून आलेले शिक्षक, सरकारी नोकर जास्त, कुणाला कुणाची फारशी पंचाईत नसते. सात रस्ता, रेल्वे लाईन्सकडं जुनी मिश्र वस्ती, भाडं थोडं जास्त.

एजंटला दोघांची नावं पहिल्याच फोनवर सांगा, 'नंतर बघू' म्हणाला तर तो सोडा. घर बघायला रविवारी नका येऊ. त्या गल्लीच्या पाण्याचा दिवस विचारून घ्या आणि पाणी सुटायच्या वेळी या. कोण कुणाचं दार वाजवतंय ते कोपऱ्यावर उभं राहून बघा.